भाऊजींच्या खिशातली पुडी

ताई, नमस्कार.

मला वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात दिलं आहे. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि धाकटे भाऊजी. संत्र्याची बाग आहे आणि कर्ज काढून घेतलेली एक पिकअप. भाऊजी चोवीस वर्षांचे आहेत, गाडी तेच चालवतात. सीझनमध्ये दिवसा तोड, संध्याकाळी माल भरायचा आणि रात्रीच नागपूरला कळमना मार्केटला निघायचं. दोन-दोन रात्री झोप नसते. दिवाळीपासून ते बदलले. जेवण सुटलं, गाल आत गेले, सारखे दात खातात. घरी असले तर रात्रभर गच्चीवर येरझारा घालतात. कोणीतरी आपलं बोलणं ऐकतंय म्हणून मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवतात. सासूबाईंना वाटतं कोणी करणी केली, त्या एका जाणत्याकडे जाऊनही आल्या. मागच्या महिन्यात शर्ट धुताना खिशात पांढऱ्या पावडरची पुडी सापडली. विचारलं तर आधी ॲसिडिटीचं औषध म्हणाले, मग रडले. एमडी आहे म्हणाले. झोप उडायला एका ड्रायव्हरने दिली, तिथून लागली. 'वयनी, दादाले सांगजो नको, मी सोडतो म्हटलं ना,' म्हणून मला माझ्या मुलीची शपथ घातली. ती पुडी मी गव्हाच्या कोठीमागे लपवून ठेवली आहे.

आता घरात त्यांच्या लग्नाचं चाललं आहे. मोर्शीकडची मुलगी पसंत आहे, अक्षय तृतीयेला कुंकू लावायचं ठरतंय. ह्यांना सांगितलं तर हे भावाला मारतील. सासूबाई म्हणतील, हिनेच काहीतरी लावून दिलं. पोलिसांत गेलं तर पोराचं आयुष्य जाईल. न सांगावं तर त्या मुलीचं काय? मध्ये त्यांनी खरंच सहा-सात दिवस घेतली नाही. तेव्हा दोन दिवस नुसते झोपून होते, मग विहिरीच्या काठावर बसून राहायचे आणि 'आता कायीच मजा नाही वयनी, मेलो तं बरं,' म्हणायचे. नंतर पुन्हा गाडीवर गेले आणि हसायला लागले. मी काय करू?

एक वहिनी

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. पावडर बंद असताना भाऊजी विहिरीवर बसून 'मेलो तं बरं' म्हणत होते. लग्न, पोलीस, सासूबाई, या सगळ्यावर मी लिहिणार आहे. पण आधी ही विहीर.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ही पावडर मेंदूतली डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं एकदम मोठ्या प्रमाणात बाहेर काढते. आपला आनंद, उमेद, जागेपण, कोणाविषयी वाटणारी माया, सगळं या रसायनांवर चालतं. म्हणून पुडी घेतल्यावर माणूस दोन-चार तास खुलतो, भडभडा बोलतो, थकवा विसरतो. पण महिनोन्‌महिने असं चाललं की मेंदूची स्वतःहून खूश होण्याची ताकदच मंदावते. अशा माणसाची पावडर अचानक थांबली की पहिले एक-दोन दिवस तो नुसता झोपतो, उठला की खूप खातो, आणि मग उदासी येते. तिला कारण लागत नाही. आवडीचं जेवण, आवडीची गाणी, मित्र, कशातच राम वाटत नाही. चिडचिड होते, मरणाचे विचार येतात. काहींना हे आठवडाभर पुरतं, काहींना कित्येक आठवडे. घरच्यांना वाटतं, सुटली एकदाची. प्रत्यक्षात जीव जाण्याची भीती या दिवसांत खूप असते. आणि भाऊजी नंतर हसायला लागले ते बरे झाले म्हणून नव्हे. बहुतेक पुन्हा घेतली म्हणून.

म्हणून आज सूर्य मावळायच्या आत एक काम करा. संत्र्याची बाग असलेल्या घरात फवारणीच्या अर्धवट बाटल्या असतातच. मोटारीच्या खोलीत, पडवीत, खाटेखाली, जिथे असतील तिथून सगळ्या गोळा करा आणि लोखंडी पेटीत घालून कुलूप लावा. किल्ली सासऱ्यांच्या कमरेला. कारण विचारलं तर सांगा, घरात चार वर्षांचं लेकरू आहे. हे कारण खोटं नाही, आणि यात भाऊजींचं नावही निघत नाही. मरणाची लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात विष हाताशी नसलं की माणूस वाचतो. आपल्या विदर्भात हे मला कोणाला पटवून द्यावं लागू नये. प्रत्येक गावाने याची किंमत मोजली आहे.

आणि त्यांना सरळ विचारा, 'भाऊजी, मरावंसं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो असं लोक मानतात. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. 'हो' म्हणाले, किंवा नुसते गप्प राहून रडले, तर त्यांना एक मिनिटही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल, काही सुचत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आता शपथेचं. तुमच्या मनावर तिचं ओझं आहे हे पत्रातून कळतं. लेकीची शपथ मोडली तर लेकीला काही होईल ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, मीही अशाच घरात वाढले आहे. पण ताई, ती शपथ तुमच्या दिराने स्वखुशीने घातलेली नाही. व्यसन लागलेला माणूस घाबरून जे बोलतो, ते ते शब्द होते. एखाद्याचा जीव वाचवायला मोडलेली शपथ कोणत्या देवाला लागते? तुमच्या मुलीला खरा धोका आहे तो कोठीमागच्या पुडीचा. चिमूटभर पावडर तोंडात गेली तरी एवढ्या लहान जिवाच्या हृदयाला आणि मेंदूला झेपणार नाही. ती पुडी आजच संडासात ओतून भरपूर पाणी टाका, कागद जाळा, हात साबणाने धुवा. पुरावा म्हणून ठेवू नका, डॉक्टरला दाखवायला म्हणून पर्समध्ये घेऊन तर मुळीच फिरू नका. डॉक्टरला पुडी लागत नाही, हकीकत लागते.

गुपित ठेवण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी स्पष्ट बोलणार आहे. भाऊजींवर तुमची माया आहे, म्हणून तुम्ही गप्प आहात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर असं दिसतं, की घरात एका माणसाला कळलं आणि तरी काही बिघडलं नाही. म्हणजे चालवून घेता येतं. व्यसनाला याहून सोयीचं काही नाही. हे गुपित एकट्या वहिनीच्या पदरात राहिलं तर उद्या काही बरंवाईट झाल्यावर बोटही तुमच्याकडेच वळेल, आणि ते सगळ्यात अन्यायाचं होईल.

तेव्हा नवऱ्याला सांगा. घरात नको, वावरात सांगा. दिवसाढवळ्या, जेव्हा भाऊजी गावात नाहीत आणि तुमच्या मालकांनी घोटभरही घेतलेली नाही अशी वेळ पाहून. सुरुवात पुडीपासून करू नका. 'तुमचा भाऊ आजारी आहे आणि मरणाच्या गोष्टी बोलतो, मला एकटीला झेपत नाही,' इथून करा. मोठ्या भावाचा हात उठतो तो पुष्कळदा भीतीने आणि लाजेने. त्यांना आधीच सांगून ठेवा की मारलं तर काय होईल. ज्याला आधीच सगळी दुनिया आपल्या मागे लागली आहे असं वाटतंय, त्याला सख्ख्या भावाने मारलं तर तो संशय खरा ठरतो. मग तो पळून जातो, नाहीतर हाताला लागेल ते उचलतो. विळा, कुऱ्हाड, सत्तूर काही दिवस नजरेआड ठेवा. खरोखर अंगावर धावून आले तर मुलीला घेऊन बाहेर पडा आणि ११२ लावा, त्यात कमीपणा मानू नका. आणि नवरा ऐकूनच घेईना, तर भाऊजींचे मामा किंवा तुमचे वडील, ज्यांचा शब्द त्या घरात चालतो अशा एकाला मध्ये घ्या. एकालाच. गावभर चर्चा नको.

गच्चीवरच्या येरझारा, कोणी ऐकतंय हा भास, पिठाच्या डब्यातला मोबाईल, ही करणी नव्हे. सतत जागरण आणि एमडी यांनी होणारा तो मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला सायकोसिस म्हणतात. पावडर थांबली आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेकांत तो ओसरतो, दुर्लक्ष केलं तर काहींत चिवटपणे टिकून राहतो. भाऊजी 'मागं कोनी हाय' म्हणाले की 'कोणी नाही, वेडा झाला का' असं म्हणू नका आणि 'हो, दिसतंय' असंही म्हणू नका. 'तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं, मी इथेच आहे,' एवढंच म्हणा. सासूबाईंशी जाणत्यावरून वाद घालत बसू नका. त्यांनी अंगारा लावला तर लावू द्या. पण चटके, मार, उपाशी ठेवणं, खोलीत कोंडणं असलं काही निघालं तर तिथे आडवं व्हा. २०१३ पासून महाराष्ट्रात असले अघोरी प्रकार हा गुन्हा आहे.

झोप उडवायला घेतली, हे कारण मी अनेक घरांतून ऐकते. गाडीवाल्यांकडून, कंपनीत रात्रपाळी करणाऱ्यांकडून, परीक्षेच्या पोरांकडूनही. चहाच्या जागी ही पावडर, असं त्यांना वाटतं. पण एमडीने झोपेची गरज संपत नाही, झोप आल्याचं कळणं तेवढं बंद होतं. अंमल उतरला की साठलेली सगळी झोप एकदम येते, आणि त्या वेळी माणूस स्टिअरिंगवर असतो. असर दोन-चार तासांत उतरतो म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते, आणि थोड्याच दिवसांत तेवढ्याने भागेनासं होतं. सोबत दारू घेतली तर नशा चढल्याचं कळत नाही आणि जास्त पिऊन होतं. दुखण्यावरच्या ट्रामाडॉलच्या गोळ्या सोबत घेतल्या तर झटके येऊ शकतात. पुडीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हा माल शेतात पिकत नाही. चोरट्या कारखान्यांत रसायनांतून बनतो. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडी बनवणारे कारखाने पकडले. तिथे ना वजनाचा भरवसा ना शुद्धतेचा, पोत्यातून जे निघेल ते पोरांच्या नाकात जातं. एकच नोट गुंडाळून दोघं-तिघं ओढत असतील तर हिपॅटायटिस सीची कावीळ लागण्याची भीतीही आहे, हेही डॉक्टरांना सांगा.

आता उन्हाळ्याबद्दल. यावर मी जास्त लिहिते, कारण शहरातले डॉक्टरही घरच्यांना हे सांगायला विसरतात. एमडी शरीराची उष्णता वाढवते आणि त्याच वेळी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. तहान आणि थकवा तर जाणवतच नाही. एप्रिल-मेमधली वरुडाची दुपार, पत्र्याची केबिन, पंखा फेकतो तीही गरम हवा. अशा गाडीत पावडर घेतलेला माणूस उष्माघाताने तासाभरात बेशुद्ध पडू शकतो, आणि लोक म्हणतात ऊन लागलं. नवतपाची वाट पाहू नका, पारा त्याआधीच ४४-४५ वर जातो. अंग भट्टीसारखं तापलं, बोलणं असंबद्ध झालं, झटके आले, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, पंखा किंवा कूलर लावा, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. शुद्धीत असतील तर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या, तांब्यावर तांबे नुसतं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं मीठ एकदम उतरू शकतं. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा. छातीत दुखलं तर 'चोवीस वर्षांच्या पोराले गॅसच असंन' म्हणून सोडा पाजत बसू नका. एमडीने हृदयाच्या नसा आवळतात, तरुणालाही झटका येतो. आणि दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: 'याने एमडी घेतली आहे.' लाजून लपवलंत तर डॉक्टरची दिशा चुकेल.

पोलिसांची तुमची भीती रास्त आहे. मेफेड्रोन २०१५ पासून १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. घेणं हाही गुन्हा आहे. पण याच कायद्यात ६४अ हे कलम आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. म्हणजे पकडले जाण्याआधी दवाखान्यात गेलेलं केव्हाही चांगलं. उपचाराला आलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. ओपीडीच्या दारातून कोणी पोलिसाला फोन लावत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत धरतात, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, आणि त्याला कमीत कमी १० वर्षं सक्तमजुरी. जामीनही सहज मिळत नाही. पावडरीसाठी पैसे कमी पडू लागले की देणारेच सांगतात, 'एक पाकीट तेवढं नागपुरातून आण, तुझी पुडी फुकट.' गाडीवाल्या पोराला हे फार लवकर सांगितलं जातं. त्या दिवशी तो घेणारा राहत नाही, वाहून नेणारा होतो, आणि तुमची कर्जाची पिकअपसुद्धा जप्त होऊ शकते. नवऱ्याला हे नीट सांगा. त्यांना भावाची दया आली नाही तरी गाडीचं गांभीर्य कळेल, आणि सुरुवातीला तेवढंही पुरे. पुरवठा करणाऱ्याची खबर द्यायची असेल तर १९३३ हा नंबर आहे, नाव न सांगता देता येते. पण ते काम आत्ता तुमचं नाही. भाऊजींना आधी उपचारात बसू द्या.

लग्न थांबवा. इथे मी जरासुद्धा मागेपुढे करणार नाही. 'दोनाचे चार हात झाले की सुधरतो' यावर विश्वास ठेवून आपण किती पोरींचे संसार मातीत घातले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. मोर्शीकडची ती मुलगी औषध नाही. लग्नाच्या खर्चाचं, पाहुण्यांचं, नव्या नात्याचं दडपण भाऊजींनाही आत्ता झेपणारं नाही. व्यसनाचं सगळं सांगायची हिंमत घरात नसेल तर निदान एवढं स्पष्ट कळवा: मुलाची तब्येत बरी नाही, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, यंदा कुंकू नाही आणि तुमच्या मुलीने आमच्यासाठी थांबू नये. माझ्या मते किमान वर्षभर तो धड राहिल्याशिवाय विषय काढू नये, आणि काढाल तेव्हा मुलीला सगळं सांगूनच काढा. हा निरोप सासऱ्यांनी द्यायचा, तुम्ही नव्हे. तुम्ही दिलात तर आयुष्यभर 'हिने मोडलं' हेच ऐकाल.

उपचाराचं म्हणाल तर सगळ्यात जवळचं तुम्हाला अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, आपलं इर्विन. तिथला मनोविकार विभाग गाठा. नागपूर सोयीचं वाटत असेल तर मेडिकल, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, आणि मिहानमधलं एम्स आहे, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. पलीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. कुठे जावं हे ठरत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन विचारायला बरी.

एमडीवर उतारा म्हणून एक गोळी नाही, हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर पहिल्या महिन्यात निराश व्हाल. डॉक्टर झोप, भीती, भास, उदासी यांची औषधं देतात, आणि खरं काम ठरावीक दिवसांनी भेटून बोलण्याने होतं. कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कोणत्या रस्त्यावर तलफ येते ते शोधायचं आणि तिथून वाट बदलायची. घरच्यांनी धड गेलेल्या दिवसांची दखल घ्यायची, तोंडी आणि प्रत्यक्षही. आवडीचं जेवण, नवा शर्ट, हातखर्च. कोडकौतुक वाटेल, पण या जातीच्या व्यसनांत याचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेलं आहे. मधे एखाद्या वेळी पुन्हा घेतील. तेव्हा 'गेलं सगळं' म्हणून आरडाओरड करू नका, पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. औषधाच्या दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणून पहारा ठेवू नका. नेहमीच्या पट्ट्यांत मेफेड्रोन पुष्कळदा दिसत नाही, आणि खोटी खात्री संशयापेक्षा वाईट. जेवणात गुपचूप कालवायची पावडर, 'व्यसन सोडवण्याचं हमखास औषध' म्हणून कोणी विकेल. घेऊ नका.

'पोराला उचलून नेतो, तीन महिन्यांत सरळ करून देतो' म्हणणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. जिथे मारतात, साखळीने बांधतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, ते उपचार नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला साफ मनाई आहे, आणि व्यसनातून आलेला मानसिक त्रासही त्या कायद्यात धरला आहे. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल आणि तयारच होत नसेल, तर घरच्यांच्या अर्जावर, तज्ज्ञांनी तपासून, रीतसर भरती करता येते. ते इर्विनमधले डॉक्टर सांगतील.

निदान या सीझनपुरती गाडी भाऊजींच्या हाती देऊ नका. तोडीवर राहू द्या, पाण्याच्या पाळ्या सांभाळू द्या, हिशेब लिहू द्या. रिकामं बसवू नका, रात्रीचा रस्ता तेवढा तोडा. पैसे थोरल्या भावाच्या खात्यात येऊ द्या, पण चारचौघांत खिसे उलटे करून अपमान नको. उधारी निघेल. मागायला येणाऱ्याला तुम्ही लपून पैसे देऊ नका, नवऱ्यासमोर आणा. संध्याकाळचा वेळ सगळ्यात अवघड जातो. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर सासऱ्यांनी त्यांना सोबत न्यावं. चार माणसांत बसणं होतं, नंतर घरी येऊन जेवण, झोप. कोणी माळ घालायला सांगितलं तर हरकत नाही, फक्त माळ घातली म्हणून गोळ्या बंद होणार नाहीत हे त्याच वेळी ठरवून टाका.

सासूबाईंना कसं सांगायचं, ते तुमच्या नवऱ्यावर सोडा. मुलाने सांगितलेलं आई ऐकेल, सुनेने सांगितलेलं आज ऐकणार नाही. काही दिवस त्या तुमच्याशी तुसड्या वागतील, तेवढी मनाची तयारी ठेवा. आणि तुमची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर भाऊजींच्या डॉक्टरांनाच तुमच्याविषयीही सांगा.

येत्या सोमवारी सकाळी लवकर निघा. गाडी तुमचे मालक चालवतील, भाऊजी बाजूला, मागे सासरे किंवा मामा. भाऊजींचं आधार कार्ड घ्या, आधीच्या दवाखान्याचे कागद आणि घरात चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं घ्या. एका कागदावर लिहून न्या: केव्हापासून, किती वेळा, सोबत दारू की खर्रा, झोप किती, वजन किती उतरलं, भास कोणते, आणि विहिरीवर काय बोलले होते ते शब्द जसेच्या तसे. डॉक्टरांना सांगा की आधी भाऊजींशी एकट्याने बोला, मग आमच्याशी. जायला ते तयार नसतील तर व्यसनाचं नाव काढू नका, 'झोप येत नाही, त्यासाठी दाखवू' म्हणा. ते खरंच आहे, आणि झोपेसाठी बहुतेक पोरं येतात. तरीही आले नाहीत, तर तुम्ही आणि तुमचे मालक दोघंच कागद घेऊन जा. रुग्ण सोबत नसला तरी घरच्यांना पुढचं सांगता येतं.